खिडकी नंबर चार

रातोनच्या कचेरीत हीटर आठला लागतो,
माणसं साडेसातपासून बर्फात.
दार मी आधीच उघडते. नियमात नाही.

दोघी रजेवर,
म्हणून आज चार नंबरला मॅनेजरच, म्हणजे मी.

एलॉय त्रुहियो टोपी काढून बसला,
धान्याचं कार्ड काचेखालून सरकवलं.
‘अकरा डॉलर उरलेत. ती गेली, गुरुवारी.
परत करायचं असतं ना?’

संगणक विचारतो : घरात माणसं किती?
दोनच्या जागी एक टाकते.
मग विचारतो : बदल कायमचा की तात्पुरता?

मी एलॉयकडे बघत नाही.

‘राहू द्या कार्ड,’ म्हणते,
‘तुमचंही नाव आहे त्यावर.’
तो ते उलटं करतो.
मागे तिची सही,
पेन चालेना म्हणून दोनदा गिरवलेली.

सत्तेचाळीस नंबर केव्हाचा उभा आहे.