अर्धा इंच

गड्डीगोदामला, जिथे डोक्यावरून मेट्रो जाते,
तिच्या खालून मालगाडी
आणि सगळ्यांच्या खालून आपण,
तिथे गुणवंत डोईफोडेचं दुकान.
मी रिक्षातून स्टूल उतरवलं
तर तो तोंडातल्या खिळ्यांसकट म्हणाला,
"कायले खर्च करता बाई, नवीन घ्या ना."

मी म्हटलं, लिलावात साठ रुपयांना घेतलंय.
हे नाही सांगितलं
की त्याआधी सव्वीस वर्षं मीच बसले होते त्याच्यावर,
सिंचन खात्याच्या नकाशाघरात,
ट्रेसर, वर्ग तीन.
मे महिन्याची दुपार, कूलरचा ओला वाळा, अमोनियाचा वास,
आणि कालव्याच्या छेदावर शाईचा थेंब पडलाच
तर तो ब्लेडनं खरवडायचा,
श्वास धरून.
पुढची सतरा वर्षं त्या स्टुलावर मनीप्लांट बसला.

गुणवंतनं एकेक थर सोलला.
वर माझ्या काळातलं चॉकलेटी रेक्झिन,
मधोमध तोंड वासलेलं.
त्याखाली हिरवं, माझ्या आधीच्या कुणाचं तरी.
मग काथ्या, काळा, कुजका,
त्यात एक टाचणी, टू-एचची अर्धी पेन्सिल,
आणि तळाशी जाडंभरडं हातमागाचं कापड,
दुमडीच्या आत अजून वीटकरी.
बैठकीच्या पोटावर बारीक अक्षरात:
नग चारपैकी तीन. य. ना. दे. १९६१.
हे नाव मी कुठल्याच हजेरीपटात पाहिलेलं नाही.
पायांवरून अंगठा फिरवत गुणवंत म्हणाला,
"हा नुसता सुतार नाई.
कागदावर इचार करनारा मानूस हाय."

मग त्यानं पाणसळ लावली.
पुढचे दोन पाय अर्धा इंच आखूड.
"झिजले असतील," मी म्हटलं.
"झिजले नाई. कापच असा हाय.
टोकाले जुनं पॉलिश पाहा.
टेबलावर वाकून काम करनाऱ्यासाठी केलं थे.
स्टूल वाकते, म्हंजे कंबर वाकत नाई."
आणि जरा थांबून,
"पन हे कोनं खुपसलं खाली?"

पुढच्या पायांना डिंकानं चिकटलेल्या,
दबून दबून लाकूड झालेल्या
कागदाच्या दोन घड्या.

माझ्याच हातच्या.
एक्क्याऐंशी साल, रुजू झाल्याचा पहिला दिवस.
मी म्हटलं होतं, हे स्टूल वाकडं आहे,
आणि रद्दीतली प्रिंट फाडून सरळ करून टाकलं होतं.
शेजारच्या टेबलावरून उरकुडे मॅडम म्हणाल्या होत्या,
हुशार आहे पोरगी.

त्यानंतर मेयोतले हाडांचे डॉक्टर,
कमरेचा पट्टा, शेकायची पिशवी,
दोनदा अर्धपगारी रजा.

मी काही बोलले नाही.
गुणवंतनंही घड्या फेकल्या नाहीत,
माझ्या तळहातावर ठेवल्या, सुट्या पैशांसारख्या.

सागवानाला चपड्याचे सात हात दिले त्यानं.
नवी निवार ताणली, नवा काथ्या भरला.
कापड मी पाचपावलीहून आणलं, सुगंधा परातेच्या मागावरचं,
त्या वीटकरीच्या जवळपासचं. तोच रंग नाही मिळाला.
एक कोपरा उसवून त्यानं दोनदा बसवला,
तरी मला तो जरासा फुगलेलाच वाटतो.
पैसे पूर्ण दिले.

घरी नकाशाचं टेबल नाही, जेवणाचं आहे.
तिथे बसले तर स्टुलानं मला हळूच पुढे लोटलं,
शिकवणीतल्या बाई पाठीला बोट लावतात तसं.
घड्या पाण्यानं ओलावून उलगडल्या.
बाहेरून पिवळ्या, आत निळी रेघ अजून ताजी.
कालव्याचा तुकडा, आकडे उरकुडे मॅडमच्या वळणाचे,
आणि उतारावर एक डाग. म्हणून रद्दीत गेली असणार.
प्रिंटवरचा डाग खरवडून निघत नसतो,
हे मला कुणी सांगायला नको.
तरी ब्लेड शोधायला उठले,
आणि उठताना
कमरेला हात लावायचं विसरले.