परिच्छेद सात

कोर्टासमोर, झेरॉक्सवाल्याला खेटून माझं टेबल.
भाडेपट्टे, वारस दाखले, नावातली वेलांटी दुरुस्त करायची प्रतिज्ञापत्रं.
या गावातलं भांडण बहुतेक माझ्या बोटांखालून जातं,
पानाला वीस रुपये.

नरसय्या इप्पलपल्ली आले ते
औषधाच्या पेटंटला हरकत घ्यायला.
म्हटलं, काका, हे मुंबईच्या हापिसातलं काम.
ते म्हणाले, कायद्यात लिवलंय की, कोणतीही व्यक्ती.
मग मी कोण?

चाळीस वर्षं जकार्डचे पुठ्ठे पंच केले त्यांनी,
अशोक चौकामागे, एका खोलीत.
एक भोक चुकलं तर चादरीवरच्या मोराचा डोळा जातो,
आणि तो डोळा गेलेला मोर
शंभर चादरींवर तसाच उभा राहतो.

पिशवीतून पुण्याच्या वकीलबाईंचा मसुदा निघाला.
रेणू जुना. मीठ नवं.
त्या मिठावर पुन्हा वीस वर्षं मागितलेली.
मीठ म्हणजे, मी विचारलं.
"भाजीतलं न्हाई. त्या मिठातच गोळी होते म्हणे,
नुसता रेणू पोटात जिरत न्हाई.
चादर घे ना. मोर तोच, काठ बदलला,
आणि म्हणायचं, आता हा मोर कुणी विणायचा न्हाई."

मग जरा थांबून, टेबलाच्या कडेवर बोट फिरवत:
"माझा बी एक मोर चोरला होता, एकोणनव्वद साली.
परगावच्या मागावर, निम्म्या भावात.
चार दिवस मी कुणाशी बोललो न्हाई.
म्हणून सांगतो, हक्क नको असं माझं म्हणणं न्हाई.
मोर ज्यानं काढला त्याला दे की वीस वर्षं.
काठाला कशाला?"

मी टाईप केलं:
कलम तीन डी अन्वये, परिणामकारकता वाढल्याचा पुरावा नाही.
त्यांचा भाचा चिंचोळीच्या कारखान्यात ड्रम भरतो.
ड्रमवर लेबलं: लुसाका, मापुटो.
मापुटो कुठं आलं, त्यांनी विचारलं.
मोबाईलवर दाखवलं. समुद्राच्या काठाला.
"काठालाच," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

परिच्छेद सात त्यांनी स्वतः सांगितला.
पत्नी राजमणी, विडी कामगार. रक्ताचा आजार.
पानाचा कोवळेपणा अंगठ्याला कळतो तिच्या.
हजार विड्या वळल्यावर जी मजुरी मिळते
तिच्यात कंपनीच्या गोळीचा चतकोरही येत नाही.
भाच्याच्या कारखान्यातल्या पावडरीच्या गोळीवर
तीन वर्षं सूप मांडीवर घेऊन बसते आहे.
"बसते आहे" यावर ते अडले.
बसलेली आहे, लिव, म्हणाले.
नंतर पुन्हा: न्हाई, बसते आहे.

पाच वाजता वकीलबाईंचा फोन.
सात काढून टाका. दया हा मुद्दाच नाही,
प्रश्न एवढाच आहे, ते नवं आहे का.
त्यांचं बरोबर होतं, मलाही कळत होतं.
सिलेक्ट केलं. डिलीट.
खालचा आठ वर सरकला, सात झाला,
त्यात मिठाचं वितळण्याचं तापमान.

काका काही बोलले नाहीत.
फक्त म्हणाले, ते पान छापलं होतंस ना,
ते दे.

एकूण अकरा पानं.
दोनशे वीस मोजले त्यांनी, दहादहाच्या नोटा.
मी म्हटलं, जोडलीत दहाच, दोनशे द्या.
"मारलेल्या भोकाचे पैसे आम्ही बी सोडत नव्हतो,"
आणि वीस रुपये पेपरवेटखाली.

बाहेर बेचाळीस अंश.
लोक फाइली डोक्यावर धरून रस्ता ओलांडत होते.
पुठ्ठ्याला घडी घालायची नाही, ही त्यांची सवय,
म्हणून ते पान दोन्ही तळहातांवर आडवं धरून
उघड्या डोक्यानं रिक्षाकडे गेले.

सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.