सतरावी ओळ

एकोणीस वर्षं हार्टलपूलच्या प्रोबेशन ऑफिसात
लॉर्ना टफनेलसमोर जोखीम
खुर्ची ओढून बसायची.
तिला ओल्या जाकिटाचा वास असायचा,
बस चुकल्याची थाप असायची,
आणि कधीकधी
टेबलाखाली थरथरणारा गुडघा.

आता लॉर्ना एका धर्मादाय संस्थेची जोखीम सांभाळते.
तीन दुकानं, एक अन्नछत्र, एक खटारा व्हॅन
आणि तक्ता: शक्यता गुणिले परिणाम.
फ्रिजचं तापमान – पिवळा.
गल्ल्याची किल्ली एकाच माणसाकडे – लाल.
विश्वस्त चहात बिस्किट बुडवत विचारतात,
"लाल जरा कमी करता येईल का?"

वाईट नाही. रात्री फोन वाजत नाही.
तक्ता कुणाच्या बरगड्या मोडत नाही,
न सांगता गाव सोडत नाही.

मंगळवारी सतराव्या ओळीत
व्हॅन चालवायला नवा स्वयंसेवक:
वेन्डल स्टॉब्स, वय एकेचाळीस, शिक्षा भोगलेली.
नावाआधी तिला गुडघा आठवला.

शक्यता – दोन? तीन?
ह्याच माणसानं एकदा दारात थबकून विचारलं होतं,
"माझं काय होईल, तुम्हाला काय वाटतं?"
आणि तिनं
पुढच्या भेटीची तारीख लिहून दिली होती.

खाली सीगल कुणाच्या तरी चिप्सवर तुटून पडले.
तिनं चौकट रिकामी ठेवली,
कोट चढवला, मागच्या अंगणात गेली.
तो उकिडवा बसून टायरची हवा बघत होता.
"आज बस चुकली नाही,"
मान वर न करता म्हणाला.