चालू रीडिंग

बावीस वर्षं मी नेरुळचे पाण्याचे मीटर वाचले.
गुडघे टेकायचे, झाकण उचलायचं,
झुरळांना वाट द्यायची, काच अंगठ्यानं पुसायची,
आकडा दिसला की वहीत.
निवृत्तीनंतरही कुठं झाकण उघडं दिसलं
की वाकून बघतो. खोड.

सेक्टर सोळात, निळ्या पत्र्यांच्या कुंपणाबाहेर
त्या दिवशी खड्ड्यात मीटर नव्हता.
दगड होता. दगडाला मान होती.

पाठीवर तांबड्या नेलपॉलिशनं, पोरकट अक्षरात:
सी-११/४.
हा पत्ता मला पाठ. तळमजला, दाराशी कढीपत्ता,
गळका व्हॉल्व्ह, महिन्याला चौदा युनिट,
आणि एक मुलगा, दर खेपेला विचारणारा,
काका, आमचं किती झालं?

पत्र्याच्या फटीतून पाहिलं.
सी-अकराच्या जागी आभाळ होतं,
खाली पोकलेनच्या सावलीत डबा खाणारे दोघे.

घरी आणलं. कुंदा म्हणाली, आधी तुमचे पाय धुवा,
मग त्याचे.

सानपाड्याच्या डॉक्टर अफशान म्हणाल्या,
पोळी नको, दूधभात नको, काकडीचे लाड तर नकोतच.
जास्वंदीची पानं, घोळ, शेवग्याचा पाला.
सकाळी कोमट पाण्यात वीस मिनिटं,
पाणी हनुवटीखाली.
कवच मऊ पडलंय, चुना कमी पडतोय.

माखलीचं हाड मागितलं तेव्हा दिवाळ्याची ठकूबाई
कोयता टेकवून हसली:
अरं भाऊ, म्हावरा सोडून हाडूक कनाला नेतंस?
सांगितलं. हसू थांबलं.
तीन हाडं कागदात बांधून दिली, पैसे घेतले नाहीत.

जुनी वही काढली. रकाने तेच.
मागील ९१२. चालू ९०५.
मागील ९०५. चालू ९०५. शेरा: डोळे मिटलेले.
कुलूप दिसलं की आम्ही शेरा मारायचो, घर बंद,
आणि सरासरी लावून बिल काढायचो.
इथं सरासरी लावता येईना.
रोज वजनकाटा, रोज वाट.

सातव्या सकाळी जास्वंदीच्या पानाला
नखाएवढा घास कमी होता.
कुंदानं ते पान फ्रिजवर चिकटवलं.
चालू ९२१.

मुलगा उलव्यात सापडला. निनाद.
आता मिशी, गळ्यात कंपनीचं कार्ड.
सामान हलवलं त्या दिवशी निसटलं, म्हणाला,
नऊ संध्याकाळी टॉर्च घेऊन आलो,
वॉचमननं आत सोडलं नाही.
अकरा महिने झाले.
आईच्या नेलपॉलिशनं दर दिवाळीला गिरवायचो मी नंबर,
हरवलं तर कुणीतरी घरी आणून सोडेल म्हणून.
मग फरशीवर गुडघे टेकले, अगदी माझ्यासारखे,
आणि हळूच: काका, किती झालं?
मी वही पुढं केली.

नंतर ते अवघड बोलणं.
पाठीवर चांदण्या असलेलं हे कासव घरात ठेवायचं नसतं, कायदा आहे,
डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
मीच पान उलटत राहिलो होतो.
निनाद नाही म्हणाला. चहावर साय धरली.
मग म्हणाला, चौथीत होतो,
बाबांनी खिशातून काढून हातावर ठेवलं होतं.
खिशात कुठून आलं, ते तेव्हा विचारलं नाही.

बुधवारी वनखात्याची गाडी आली.
नंबर खरवडू नका, अफशान म्हणाल्या,
कवचालाही कळतं. झिजेल आपोआप.
म्हणजे सी-अकरा-चार अजून आहे,
कुठल्याशा पाचोळ्यात, हळूहळू सरकतंय,
कढीपत्त्याशिवाय, नळाशिवाय.

शेवटची ओळ: मागील ९६८. चालू,
आणि पुढं कोरं.
शेऱ्यात घर बंद लिहायला पेन उचललं होतं.
ठेवलं.

शेवग्याचा पाला कुंदा सवयीनं आणतेच.
आता आम्ही त्याची भाजी करतो.
थोडी कडू लागते. खातो.