फुगवटा

झाकण लागेना म्हणून कळलं.
कॅमेऱ्याच्या तळाशी, त्या एवढ्याशा कप्प्यात
बॅटरी बसली होती
पंगतीतून उठता न येणाऱ्या व्याह्यासारखी.
ओढून काढली तर वेष्टनाचं सालपट
कप्प्याच्या कडेलाच राहिलं.

सत्तावीस वर्षं विमा कंपन्यांसाठी सर्व्हे केले,
त्यातली शेवटची अकरा या कॅमेऱ्यावर.
देवास नाक्यापलीकडे उलटलेला कांद्याचा ट्रक,
सांवेर रोडवरचं जळालेलं रेक्झिनचं गोदाम,
महूच्या डॉक्टरांची मारुती, जिच्या एका पोच्यात
दोन वेगळ्या गाड्यांचे रंग निघाले.
फुगवलेले दावे ओळखायचे, एवढंच माझं काम.
आणि माझ्याच कपाटात, स्वेटरांखाली,
हे असं फुगत होतं.

मुलगी म्हणते, बाबा, फोननं काढा ना.
फोनला मनगटात अडकवायला पट्टा नसतो,
असलं काहीतरी मी सांगितलं.

जेल रोडवर तिसऱ्या दुकानात
गुरमुखदासांनी चष्मा कपाळावर चढवला.
'ये तो कब की बंद हो गई, साब.
कंपनी खुद भूल गई.'
तरी काचेवर तीन मांडल्या.

पहिली अस्सल, सीलबंद, चौदाशेची.
पाठीवर बारीक अक्षरांत वर्ष शोधलं : दोन हजार बारा.
न वापरता ठेवलेली वस्तू नवी राहते
असं ज्याला वाटतं, त्यानं
वारसांच्या भांडणात आठ वर्षं उभी असलेली ॲम्बॅसडर
एकदा चालू करून बघावी.

दुसरीच्या अंगावर सोनेरी आकडा : अठराशे एमएएच.
मुळातली सातशे चाळीसची.
तेवढ्याच खोक्यात अडीचपट?
पोऱ्याला समोर चांदीवाल्याच्या काट्यावर पाठवलं.
माझी जुनी सतरा ग्रॅम, मेली तरी.
ही अकरा.
आकडा छापायला वजन लागत नाही.
गुरमुखदास ओशाळले नाहीत.
'गिराक को आँकड़ा चाहिए, साब, हम आँकड़ा देते हैं.'

तिसरीला नाव नव्हतं.
करडं वेष्टन, सातशे पन्नास, सोळा ग्रॅम,
तीन पितळी दात जागच्या जागी.
किंमत म्हणाले चारशे वीस.
इतक्या वर्षांच्या सवयीनं मी दचकलो,
म्हटलं, चारशे एकोणीस करा.
सहा महिन्यांची हमी त्यांनी बिलाच्या पाठीवर
बॉलपेननं लिहिली, खाली सही, सहीखाली रेघ.
त्या रेघेवर मी विश्वास ठेवला.

रात्रभर चार्जरचा नारिंगी दिवा.
दोनदा उठून हात लावून पाहिला :
कोमट. तापली नाही.
पहाटे हिरवा.

झाकण टक्‌ करून बसलं.
भिंग घरघरत बाहेर आलं
आणि कॅमेऱ्यानं सगळ्यात आधी विचारली तारीख.
त्याच्या मते आज
एक जानेवारी दोन हजार सहा, रात्रीचे बारा.

फोटोच्या कोपऱ्यातली ती केशरी तारीख :
तिच्या जोरावर मी माणसं खोटी पाडलेली.
सुखलियाचा एक टेम्पोवाला होता, घीसालाल.
तो म्हणे मंगळवार, फोटो म्हणे सोमवार.
एका दिवसाचा फरक.
त्याच्या आदल्याच आठवड्यात मी बॅटरी बदलली होती
आणि तारीख घाईत भरली होती, स्कूटरवर बसल्या बसल्या.
तेव्हा हे आठवलं नाही.
की आठवलं होतं.

तारीख भरली नाही. 'नंतर' दाबलं.
जुनी बॅटरी वर्तमानपत्रावर ठेवली,
शेजारी स्टीलची पट्टी, मापाला,
आणि रिवाजाप्रमाणे चारी बाजूंनी फोटो घेतले.
कोपऱ्यात उमटलंय ०१.०१.२००६.
असा फोटो मी कुणाचाही पास केला नसता.

फुगवटा मात्र स्पष्ट दिसतो.