उजव्या नळीतलं कुसळ

खोट दिसत नाही. हे आधी सांगायला हवं.
समुद्राकडे रोखली की नव्या दुर्बिणीत
बेटाची कड, बोयावरचा गंज,
आयडर बदकाच्या मानेवरचा फिकट हिरवा,
सगळं जिथल्या तिथं, धुऊन ठेवल्यासारखं.

पण ताइस्तो लेह्तोवारानं चाळीस वर्षं
हांकोच्या गोदीत इंजिनं उघडली.
पहिल्याच रात्री त्यानं ती उलटी धरली,
मोठ्या भिंगातून आत टॉर्च मारला,
आणि उजव्या नळीत, लोलकाच्या काठाशी
दिसलं कुसळाएवढं काहीतरी.
रंगाचा पोपडा असेल.
किंवा कारखान्यातल्या कुणाची पापणी.

सहाशे ऐंशी युरो.
सौनाची नवी भट्टी पुढच्या वर्षावर ढकलून.
चौदा दिवसांत परत घेतात.
खोकं शाबूत, 'खाऊ नये' लिहिलेली पुडीसुद्धा
त्यानं कोपऱ्यात जपून ठेवलेली.

रोज रात्री टॉर्च. रोज तिथंच.
भावाच्या जुन्या दुर्बिणीत तर बुरशीचं जाळं होतं,
पट्टा बोटीच्या दोरीचा.
तीस वर्षं तिच्यातून पाहिलं
आणि एकदाही उलटी धरली नाही.

नवव्या दिवशी दुकानातल्या पोस्टाच्या खिडकीवर
ओइलीनं विचारलं, काय बिघडलंय?
काही नाही.
मग परत का?
आहे ना आत.
दिसतं?
बघताना नाही.
ओइलीनं चष्मा कपाळावर सरकवला,
फॉर्म पुढे केला : कारण लिहा, एका ओळीत.

घरी येऊन त्यानं लिहिलं, 'आत काहीतरी आहे.'
वाचलं, आणि पेन खाली ठेवलं.
फेब्रुवारीत डॉक्टरणीला त्यानं
हेच सांगितलं होतं, ह्याच शब्दांत,
आणि ती फिल्म उजेडापुढे धरून म्हणाली होती,
ह्या वयात थोडं असतंच. बघत राहू.

तेराव्या रात्री कुसळ नव्हतं.
हलवून पाहिलं, कानाशी धरून,
लहान मूल खुळखुळा तपासतं तसं.
आवाज नाही. लोलक स्वच्छ.
म्हणजे गेलं कुठे?
बाहेर पडायला वाट नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.
आता दाखवणार काय, आणि कुणाला?

चौदावा दिवस. खोकं गाडीत, शेजारच्या सीटवर,
पट्टा लावून बसवलेलं, पाहुण्यासारखं.
वाटेत धक्क्यापाशी तो थांबला. एकदाच, म्हणून.
पश्चिमेकडून अल्ली येत होत्या,
पाण्याला चिकटून, रांगेमागून रांग,
त्यांची ती ओरड, अर्धी तक्रार, अर्धी थट्टा.
खोकं उघडावंच लागलं.

चारशे. सातशे. मग मोजणं सुटलं.
मध्येच एक पक्षी रांगेबाहेर, उलटा फिरला,
आणि ताइस्तोनं दचकून डोळा चोळला.
नाही. पक्षीच होता.

पावणेआठ. खिडकी आठला बंद होते,
इथून सात मिनिटं, सिग्नल लागला नाही तर.
अजून उजेड आहे, तो म्हणाला, मोठ्यानं,
आणि पट्टा मानेत अडकवला.