कोरलेले दात

दात कोरून पोट भरत नाही, म्हणतात आपल्याकडे.
कुओपिओच्या तौनो ह्यूवारिनेनचं भरतं.
सत्तावीस वर्षं तो कवळ्या करतोय
तळ्याकाठच्या म्हाताऱ्यांच्या,
वर चौदा, खाली चौदा,
आणि प्रत्येकाच्या पांढऱ्याचा नंबर त्याला पाठ आहे.

पांढरा एकच नसतो, तो सांगतो.
कॉफीचा असतो, पाइपचा असतो,
आयुष्यभर तोंड मिटून राहिलेल्यांचा आणखी वेगळा.

जानेवारीत दुपारी तीनलाच अंधार.
पाचला तो दारावरची पाटी उलटी करतो
आणि त्याच टेबलावर, त्याच भिंगाखाली
दुसरे दात घेतो.

साठ. पितळेच्या चकतीवर. चकती करंगळीच्या नखाएवढी.
एक घर पुढे, खीळ, काप.
एक घर पुढे, खीळ, काप.
एकोणसाठाव्याला शिंक आली.
चकती त्यानं खिडकीच्या चौकटीत उभी केली.
तिथे आधीच्या अकरा होत्या,
पलीकडे बर्फ.

इर्या विचारते, मिळतात ना दुकानात, नव्वद युरोला?
मिळतात, तो म्हणतो.
ती दिव्याची मान त्याच्याकडे वळवून झोपायला जाते.

घड्याळ त्याला पातळ हवंय.
इस्त्रीच्या शर्टाची बाही
त्याच्यावरून न अडखळता खाली यावी, इतकं.
तारीख नको. सेकंदकाटा नको.
(माणिकं विकत घेतली, आणि केसाएवढी ती स्प्रिंग.
हे तो स्वतःहून सांगतो, कोणी विचारायच्या आत.)

काटे पोलादाचे.
खाली स्पिरिटचा दिवा, वर पितळेचा भुसा, भुशावर काटा.
गव्हाळ होतो. तपकिरी होतो. जांभळा होतो,
आणि आता,
आता उचल,
निळा.
एक श्वास उशीर झाला की राखेचा रंग,
मग परत घास पहिल्यापासून.
मिनिटकाटा साधला.
तासकाटा अजून थोडा जांभळातच आहे.
राहू दे म्हणाला, तो हळू चालणारा.

डायल मात्र दातांच्या भट्टीतच भाजली.
तांब्याची चकती, वर पांढरी काच चाळून.
सात तडकल्या.
आठवी रात्री दीडला बाहेर आली, अखंड,
पण त्याच्या मनातला पांढरा नव्हता तो.
जरा पिवळट. जरा ओळखीचा.
त्यानं रंगांची पट्टी आणून एकेक दात शेजारी धरला.
डावीकडून तिसरा.
हा तर वाइनो रिस्सानेन,
धक्क्यावरचा, बोटी रंगवणारा,
पाइपला दाताखाली खाच हवी म्हणून भांडलेला.
तौनो एकटाच मोठ्यानं हसला.
मग त्या पांढऱ्यावर बारा आकडे काढले,
मांजराच्या मिशीएवढ्या कुंचल्यानं.

कानाला लावलं. चालू होतं.
आता घालायचं कुठे?
घड्याळासाठी एक शर्ट होता,
शर्टासाठी कोट होता,
कोटासाठी काही घडायला हवं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी वाइनो गेला.
जमीन आधी शेगडी लावून मऊ करावी लागली.
लोक फुलं घेऊन रांगेत उभे राहिले,
कोणी फारसं बोललं नाही,
तिथे बोलत नाहीत.
खाली पेटीत अठ्ठावीस दात, तौनोनं कोरलेले,
एकमेकांवर नीट बसलेले, थांबलेले.
आणि वर काळ्या बाहीत, मनगटाच्या शिरेवर,
तोच पांढरा,
आणि त्याच्या पोटात दातात दात अडकून सुटत होता,
सुटून अडकत होता.

किती वाजले, इर्यानं कुजबुजत विचारलं.
बाही वर केली. अकरा वीस.
चर्चच्या घड्याळात बावीस.
त्यानं चावीला हात लावला नाही.

डावीकडची खालची दाढ जरा उंच राहिलीय,
परवाच तर म्हणत होता वाइनो.
ये पुढच्या आठवड्यात, तौनो म्हणाला होता,
घासून देतो,
दोन मिनिटांचं काम आहे.